एकाहत्तर यार्ड

"पेडिगो, व्हर्नन," औषधांच्या दुकानातली काउंटरवरची मुलगी म्हणाली, तेव्हा मी लोरेनच्या खोकल्याचं औषध घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढचा माणूस काउंटरकडे सरकला. उंच, पाठीत किंचित वाकलेला, अंगात तपकिरी ओव्हरकोट, आणि डाव्या पायावर भार न देता चालायची सवय. ती इतकी जुनी असावी की आता तिचाच एक डौल झाला होता. मुलीने त्याला सांगितलं की गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या. तो म्हणाला, "जेवणानंतर मी झोपतो, बाळ. झोपेत घेतल्या तर चालतील?" ती हसली नाही. टोलीडोमध्ये डिसेंबरात काउंटरवरच्या मुली हसत नाहीत. मी त्या माणसाच्या मानेकडे बघत होतो आणि माझ्या डोक्यात एवढंच होतं, की याला गुडघे आहेत.

हा विचार वेडगळ आहे हे मला कळतं. मी पदवीधर आहे. वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत काट्यांसोबत जाणाऱ्या माहितीपत्रिका लिहितो. 'वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर आहे याची खात्री करावी' हे वाक्य माझं आहे आणि ते चौदा देशांत वाचलं जातं, निदान छापलं जातं. पण व्हर्नन पेडिगोला मी पंचवीसेक वर्षं ओळखत होतो ते एका कार्डावरून, आणि कार्डाला गुडघे नसतात. पत्त्यापेक्षा थोडं मोठं, कडेला मळलेलं, वर नाव, खाली आकड्यांच्या रांगा. आमच्या खेळात प्रत्येक खेळाडूचं असं एक कार्ड असतं. लाल फासा आणि पांढरा फासा एकदम टाकायचा, आधी लाल वाचायचा, मग पांढरा, तो आकडा खेळाडूच्या कार्डावर शोधायचा, आणि समोर काय लिहिलंय ते मुकाट्याने मान्य करायचं. आमच्याकडचा, म्हणजे अमेरिकेतला, फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसण्याचा खेळ. त्यात किती यार्ड पुढे गेलात यावर सगळं. १९५९ सालच्या मोसमात खऱ्या मैदानावर ज्याने जे केलं, ते सरासरीने त्याच्या कार्डात उतरलेलं. आता गंमत अशी की व्हर्नन पेडिगो त्या मोसमात जवळजवळ बाकावरच बसून होता. चेंडू त्याच्या हातात आला अवघा नऊ वेळा. आठ वेळा तो जिथे होता तिथेच पडला, आणि नवव्या वेळी, नोव्हेंबरात, डेट्रॉइटच्या चिखलात, एकाहत्तर यार्ड धावला. कार्ड बनवणाऱ्याने भागाकार केला. भागाकाराला लाज नसते. त्यामुळे व्हर्ननच्या कार्डावर अशी सोय झाली की दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला, कुठलीही जोडी, की व्हर्नन सुटला, तो थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. असं कार्ड सबंध पेटीत दुसरं नाही. ते माझ्याकडे आहे. आमच्या सहा जणांच्या मंडळाचा चषक माझ्या घरी वारंवार का आला, याचं उत्तर एवढंच आहे. चषक म्हणजे खरं तर बोलिंगचं बक्षीस आहे; त्यातल्या पितळी माणसाच्या हातातला गोल चेंडू काढून आम्ही तिथे बदाम चिकटवलाय.

मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं, आणि नेमकं तेच बोललो जे बोलायला नको होतं. म्हणालो, "तुम्ही जोडीवर सुटता." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्या गाडीच्या दाराकडे, मग परत माझ्याकडे. "मी काय करतो?" मी घाईघाईने खेळाबद्दल सांगितलं, कार्डाबद्दल, फाशांबद्दल, बोलता बोलता असंही सांगितलं की गेल्या मोसमात उपांत्य सामन्यात त्याने मला वाचवलं, आणि त्याबद्दल मी त्याचे आभार मानले. त्याने ते स्वीकारले. "केलं असेल," तो म्हणाला. "मी मदतीला कधी नाही म्हणत नाही. पैसे मिळतात का त्याचे मला?" मी म्हणालो नाही. "वाटलंच. घरी तळघर आहे का तुमच्या?" मला वाटलं, खेळ कुठे चालतो हे त्याला विचारायचं आहे. मी म्हणालो आहे, याल का कार्ड बघायला. तो म्हणाला येतो. पुढे कळलं की त्याने तीस वर्षं तळघरांच्या ओलीवर इलाज करायची कामं विकली होती, आणि निवृत्त होऊनही त्याला तळघर म्हटलं की राहवत नाही.

यात नॉर्बर्ट येतो. नॉर्बर्ट प्रत्येक गोष्टीत येतो, लोरेनशी लग्न केल्यापासून माझी ही तक्रार आहे. नॉर्बर्ट गोर्नी माझा मेव्हणा, पोस्टात पत्रं वेगळी करतो, आणि आयुष्यात एकही आकडा आपण चुकीचा वाचला नाही असं त्याचं म्हणणं आहे. आमच्या मंडळाचे नियम त्याने केले. फासे बशीत टाकायचे, बशीबाहेर गेले तर डाव गेला. खेळाडूने खऱ्या मोसमात जितक्या वेळा चेंडू घेतला, तितक्याच वेळा आमच्या मोसमात घ्यायचा. हा नियम सरळसरळ माझ्या पेडिगोसाठी केलेला, म्हणून वर्षाला मला त्याच्या नऊ धावा मिळतात आणि त्या मी महागलेल्या साखरेसारख्या जपून वापरतो. आणि फासा कधीही, कुठल्याही कारणाने, परत टाकायचा नाही. एकदा नॉर्बर्टला ऐन मोक्याच्या वेळी शिंक आली, फासे हातातून निसटून बशीत पडले, आणि त्या शिंकेने त्याचा सबंध मोसम गेला. आम्ही सगळे म्हणालो, अरे, हे काय टाकणं झालं, परत टाक. त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "पडलं ते पडलं." दुसऱ्या आठवड्यात हेच शब्द त्याच्या तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या वर, पाटीवर रंगवलेले होते. त्या पाटीखाली बसून मी किती रविवार घालवले आणि त्यांतल्या किती रविवारी त्या पाटीत खिळा ठोकावासा वाटला, याचा हिशेब नको.

पण नॉर्बर्टचं एक दुखणं होतं, आणि ते बरोबर माझ्या पेडिगोत अडकलेलं होतं. तो त्या दिवशी तिथे होता. आठ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला डेट्रॉइटला नेलं होतं. कारखान्यातल्या कुणीतरी दोन तिकिटं दिली म्हणून. वडिलांनी त्याला कुठेही नेल्याची ती एकच वेळ, कारण फेब्रुवारीत ते कारखान्याच्या दारातच कोसळले आणि गेले. नॉर्बर्टचं म्हणणं असं, की ती धाव पेडिगोची नव्हतीच. ती क्लाइड ऑस्ट्रँडरची होती. वडिलांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि ते ओरडले होते, बघ, ऑस्ट्रँडर. पेपरात पेडिगो. नोंदीत पेडिगो. कार्डात पेडिगो. नॉर्बर्ट म्हणे ऑस्ट्रँडर. आम्ही विशीत होतो तेव्हा हे ऐकून घेतलं, तिशीत हसलो, आणि पुढे ती आमची म्हणच झाली. कुणी काही बिनपुराव्याचं बोललं, की बाकीच्यांनी म्हणायचं, "हो ना, नॉर्बर्ट तिथे होता." पाद्र्याने पुनरुत्थानावर प्रवचन दिलं तेव्हाही मागच्या बाकावरून कुणीतरी हे पुटपुटलं होतं, आणि नॉर्बर्ट सरळ समोर बघत बसला होता. ऑस्ट्रँडरचं कार्ड त्याने हट्टाने घेतलं. मेलेलं कार्ड, दोन यार्ड, तीन यार्ड, शून्य. तरी प्रत्येक डावात तो ऑस्ट्रँडरलाच चेंडू देणार, नाकातून रेडिओवाल्यासारखं वर्णन करणार, 'चेंडू ऑस्ट्रँडरकडे, ऑस्ट्रँडर डावीकडे', आणि ऑस्ट्रँडर भिंतीवर आपटल्यासारखा तिथेच पडणार. इतक्या वर्षांत नॉर्बर्ट एकदाही जिंकला नाही. या वर्षी पहिल्यांदा तो अंतिम सामन्यात आला होता, ऑस्ट्रँडरमुळे नव्हे, ऑस्ट्रँडर असूनही. समोर मी होतो, आणि माझ्याकडे पेडिगोची एक धाव शिल्लक होती.

पेडिगो बुधवारी आला. लोरेनने त्याला कॉफी दिली, त्याने तिच्या खोकल्याची चौकशी केली आणि म्हणाला, हा खोकला तळघरातून येतोय, बाई, औषधाने जायचा नाही. खाली उतरताना तो एकेका पायरीवर थांबला आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवत आला. मी टेबलावर कार्ड काढून ठेवलं होतं. मखमलीवर ठेवायचाही विचार केला होता, तो सुदैवाने सोडला. तो कार्डाकडे गेलाच नाही. कोपऱ्यातल्या भिंतीला तळहात लावून उभा राहिला, डॉक्टर पोटाला लावतात तसा, आणि म्हणाला, "घाम येतोय हिला." मी म्हणालो, कार्ड. "हो, हो. पण हे बघा ना, लिओन राजा, इथे पोपडा धरलाय. हे दोन वर्षांचं काम नव्हे. किती वर्षं राहता इथे?" माझ्या मनात आलं, याला मी पंचवीस वर्षं मैदानावर पळताना पाहिलं, माझ्या मनात हा वाऱ्यासारखा होता, आणि हा माझ्याकडे सिमेंटबद्दल बोलतोय. शेवटी मी कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि कार्ड लांब धरलं. आकडे कसे वाचायचे ते मी दाखवलं. इथे जोडी, इथे सुटला.

"का म्हणून सुटला?"

"ते एकाहत्तर यार्ड. डेट्रॉइटचे. त्यावरून काढलंय."

"अच्छा, ते," तो म्हणाला, आणि ज्या आवाजात माणूस खुंटीवरच्या छत्रीबद्दल बोलतो त्या आवाजात पुढे म्हणाला, "तो मी नव्हतो."

माझ्यामागे भट्टी सुरू झाली.

"मी खाली होतो. माझ्या पाठीवर त्यांचा एक माणूस बसला होता, म्हशीएवढा, आणि तो देवाचं नाव घेत होता, भक्तीने नव्हे. चेंडू ऐन वेळी क्लाइडकडे गेला. धावला तो क्लाइड. माझा नंबर तेहतीस, त्याचा अडतीस, आणि अंगावर एवढा चिखल की आईने ओळखलं नसतं. वर नोंद करणारा वाफ धरलेल्या काचेमागे बसलेला. त्याने तेहतीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मी."

"मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

"क्लाइडला सांगितलं ना. तो म्हणाला, राहू दे तुझ्याकडे, व्हर्न. तुला संघातून काढायच्या गोष्टी चालल्यात, यामुळे टिकलास तर टिकलास. माझं बरं चाललंय."

"टिकलात?"

"ऑगस्टात काढलं." तो हसला. "पण तळघरं विकली त्याच्यावर. दार उघडलं की मी म्हणायचो, चिखलातून एकाहत्तर यार्ड आणलेला माणूस तुमच्या दारात उभा आहे, पाण्याचं आणि माझं जुनं वैर आहे. लोकांना दार लावायला लाज वाटायची. क्लाइड वारला तेव्हा मी त्याच्या घरी गेलो होतो. म्हटलं, निदान त्याच्या बायकोला सांगावं. तर तीच माझा हात धरून म्हणते, क्लाइड नेहमी सांगायचा, व्हर्नने एकदा काय धाव घेतली होती. आता तिथे काय सांगणार, सांगा."

"मग मला का सांगितलंत?"

त्याने कार्ड मला परत दिलं. "तुम्ही कागद दाखवून विचारलंत. इतकी वर्षं लोक नुसते ऐकून घेतात. विचारत कुणी नाही." जाताना तो दारात थांबला. मला वाटलं काहीतरी बोलणार. म्हणाला, "त्या भिंतीचं मनावर घ्या. बाहेरून खणावं लागेल."

पुढचे तीन दिवस माझी जी चिडचिड झाली, तिला एक ठिकाण नव्हतं. पेडिगोवर चिडावं, तर तो नेमका खरं बोलला होता. क्लाइड ऑस्ट्रँडरवर चिडावं, तर माणूस मेलेला, आणि शिवाय भला. नोंद करणाऱ्यावर चिडावं, त्याच्या काचेवर धरलेल्या वाफेवर चिडावं, असं करत मी पुन्हा पुन्हा नॉर्बर्टवर येऊन थांबत होतो. कारण आता नॉर्बर्ट बरोबर होता. नॉर्बर्ट चुकीचा असताना सहन होत नाही. बरोबर असलेला नॉर्बर्ट कसा असेल, याची मला कल्पना करवेना. नाताळच्या जेवणाला तो बरोबर असेल. ईस्टरला बरोबर असेल. माझ्या अंत्यविधीला, शवपेटीजवळ उभा राहून, नाकातून, तो बरोबर असेल. आणि चषक? मी जिंकलेले सगळे सामने खरं तर ऑस्ट्रँडरने जिंकले होते, म्हणजे नॉर्बर्टच्या माणसाने, म्हणजे हिशेब केला तर नॉर्बर्टने. ऑफिसात मी एका पत्रिकेवर बसलो होतो, मांस तोलायचा काटा, आणि 'काटा स्थिर झाल्यावरच वाचन घ्यावे' हे वाक्य चार वेळा लिहून चार वेळा खोडलं. सांगितलं नाही तर काय होईल? काहीच नाही. पेडिगो पुन्हा औषधाच्या दुकानात जाईल, जेवून झोपेल. नियम काय म्हणतो? कार्ड म्हणेल ते खरं. हा नियम नॉर्बर्टचाच. मी नियमाने वागलो तर मला कोण बोलणार? असं मी स्वतःला सांगत होतो, आणि मध्येच मला तो आठ वर्षांचा पोरगा दिसे, ज्याला मी कधी पाहिलेलं नाही, जो बापाच्या खांद्यावर बसून खाली कशाकडे तरी बघतोय. आणि मग त्याच पोराचा चेहरा चर्चच्या मागच्या बाकासमोर सरळ समोर बघत बसलेला. ती म्हण मीच सर्वांत जास्त वापरली असेन. ते जाऊ दे. ती म्हण चांगलीच होती, तेच तर दुखणं होतं.

शुक्रवारी जेवताना मी लोरेनला विचारलं, "त्या दिवशी, डेट्रॉइटला, तुझे वडील प्यायले होते का?" हे नॉर्बर्टला गप्प करायचं आमचं शेवटचं अस्त्र असायचं. तिने काटा खाली ठेवला. "माझे वडील रोज प्यायले असायचे. त्याचा डोळ्यांशी काय संबंध?" मग ती थोडा वेळ कोबी चिवडत राहिली. "मला नाही नेलं. म्हणाले, चिखल असेल, तू नको. परत आले तेव्हा नॉर्बर्टच्या बुटात इतका चिखल होता, आई म्हणाली, हे फेकून दे. त्याने दिले नाहीत. कितीतरी दिवस पलंगाखाली होते, वास यायचा." तिला खोकला आला. "का विचारतोयस?" मी म्हणालो सहज. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पेडिगोने वाजवून पाहिलेल्या भिंतीची आठवण झाली. "तो म्हातारा काय सांगून गेला रे?" मी म्हणालो, बाहेरून खणावं लागेल.

रविवारी चर्च झालं, नॉर्बर्टकडे पिएरोगींचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, जेवण झालं, आणि बाकीचे चौघे वर टीव्हीवर खरा सामना बघायला बसले. खऱ्या सामन्याला आमच्यात दुय्यम मान आहे, पण अंतिम सामन्याच्या वेळी खाली फक्त दोघांनी असावं असा नियम आहे. कुणाचा ते सांगायला नको. नॉर्बर्टने टोपी घातली, बशी पुसली, फासे उजेडात धरून तपासले. तो इतका नीट खेळत होता की मला ते बघवेना. दर वेळी ऑस्ट्रँडर, दर वेळी दोन यार्ड, आणि दर वेळी नाकातून तेच वर्णन, त्याच उत्साहाने, जणू मागच्या वेळी ते घडलंच नव्हतं. तरीही तो पुढे होता. शेवटच्या काही चालींवर सामना आला, मी पाच गुणांनी मागे, चेंडू टोकाला नेला की सहा मिळणार, पण मैदान जवळजवळ सबंध उरलेलं. याच्यासाठीच मी पेडिगोची नववी धाव ठेवली होती. कार्ड माझ्या हाताशी होतं. मी दुसरं उचललं. काहीतरी दोन यार्ड झाले. मग तिसरंच कुणीतरी. नॉर्बर्टने टोपी मागे सरकवली.

"पेडिगो कुठाय?"

"आहे ना."

"एक धाव शिल्लक आहे त्याची. मी मोजलंय."

"मला माहितेय."

"मग लाव की. कशाला ठेवलायस, लोणचं घालायला?"

"नाही लावायचा मला. माझा संघ, माझी मर्जी."

तो माझ्याकडे बघत राहिला. पत्रं वेगळी करणारा माणूस बघतो तसा. पाकिटावरून आतलं कळतं असं त्याला वाटतं. "लिओन," तो म्हणाला, "दया करतोयस का माझ्यावर? पंचवीस वर्षांनी मी इथवर आलो, आणि तू मला सोडून देणार? असला चषक मी त्या भट्टीत टाकीन. बदामासकट."

मला इतका राग आला की मी सांगून टाकलं. चांगुलपणाने नाही, हे इथे स्पष्ट करतो. माणूस कानात गेलेला किडा काढतो तसं. म्हणालो, मला पेडिगो भेटला. खरा. औषधाच्या दुकानात. माझ्या घरी येऊन गेला. तो म्हणतो, धावला तो नव्हता. क्लाइड होता.

आणि मी तयार झालो. 'मी सांगत नव्हतो?' या वाक्यासाठी मी दात आवळून बसलो, तीन दिवसांपासून बसलो होतो. ते आलं नाही. नॉर्बर्टने टोपी काढून टेबलावर ठेवली. वर कुणीतरी टीव्हीसमोर पाय आपटला, छतातून थोडी धूळ पडली, त्याने ती बशीतून फुंकून काढली.

"नेमकं काय म्हणाला?"

"म्हणाला, मी खाली पडलेलो होतो, धावला तो क्लाइड. तेहतीस आणि अडतीस, चिखलात कळले नाहीत."

"चिखल म्हणाला?"

"आईने ओळखलं नसतं एवढा, म्हणाला."

"कुठल्या बाजूने धावला म्हणाला?"

"ते मी नाही विचारलं."

"डावीकडून," नॉर्बर्ट म्हणाला. "आमच्या समोरून. बाबांनी मला उचललं आणि त्यांचा पाय घसरला, आम्ही दोघं जवळजवळ पडलोच. मला वाटलं पडलो. पण त्यांनी सोडलं नाही. एका हाताने माझा पाय धरलेला, आणि दुसऱ्या हाताने दाखवतायत." त्याने हात थोडा वर केला आणि मग तो आपला हात आहे हे लक्षात आल्यासारखा खाली घेतला. मला वाटलं, आता तो वर जाईल, चौघांना सांगेल, लोरेनला सांगेल. त्याने तेही केलं नाही. खूप वेळ तो ऑस्ट्रँडरच्या कार्डाकडे बघत होता, त्या दोन-तीन-शून्याच्या रांगांकडे. मग त्याने ते उलटं करून ठेवलं.

"लाव त्याला," तो म्हणाला.

"कुणाला?"

"पेडिगोला. त्या कार्डावर नाव कुणाचंही असू दे, एकाहत्तर यार्ड त्यातच आहेत. माझ्या कार्डात नाहीत. मग मला ते दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?"

"जोडी पडली तर तू हरशील, नॉर्बर्ट."

"मला कळतो खेळ. मी नियम केलेत."

मी पेडिगोचं कार्ड मधे ठेवलं आणि फासे टाकले. लाल चार, पांढरा दोन. दोन यार्ड मागे. झालं. नववी धाव संपली, व्हर्ननचा मोसम संपला, माझाही संपल्यातच जमा होता, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी कार्ड बाजूला सरकवलं. जिन्याच्या वरून लोरेनने हाक मारली, "अरे, उरलेल्या पिएरोगी परत परत गरम करायच्या नाहीत मला, येताय का?" मी उठायला लागलो. नॉर्बर्ट उठला नाही. त्याने एका बोटाने कार्ड पुन्हा मधे ओढलं, फासे बशीतून उचलले, आणि माझ्या तळहातावर ठेवले. त्याच्या बोटांना पोस्टातल्या रबराचा वास येत होता.

"परत टाक," तो म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावरून भट्टीवरच्या पाटीकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

"नॉर्बर्ट, अरे..."

"टाक म्हटलं ना. बोलू नकोस मध्ये." आणि नाकातून, पण इतक्या हळू की वरच्या टीव्हीत ते जवळजवळ बुडून गेलं, तो सांगू लागला, चेंडू ऑस्ट्रँडरकडे, ऑस्ट्रँडर डावीकडे. मी टाकले. लाल पाच, पांढरा एक. तो थांबला, वाट बघितली, फासे उचलून पुन्हा माझ्या हातात दिले. लोरेन पुन्हा ओरडली. मी टाकले. लाल दोन, पांढरा तीन.

"परत टाक."